राउटरच्या वहीतील दोन नोंदी : 'लोकल' आणि 'कनेक्टेड'
दुकानातले नेट बंद पडले की दोष कुठे शोधावा?

एटापल्लीच्या बाजारपेठेत आज किराणा, कापड, हार्डवेअर किंवा मोबाइलचे कोणतेही दुकान घ्या. गल्ल्याच्या बाजूला वायफायचा एक छोटा डबा असतोच. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि पुढे गिऱ्हाइकाच्या खिशातील रोकड कमी होत गेली. २०१७ साली जीएसटी आला आणि हिशेब संगणकावर गेला. ऑनलाइन अर्ज भरून देणारी सेवा केंद्रे तर पूर्णपणे या डब्यावरच चालतात. डबा चालू तर धंदा चालू, अशी अवस्था आहे.

पण हा डबा आत काय करतो हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी फार थोड्यांना माहीत असते. त्यामुळे नेट बंद पडले की 'लिंक नाही' एवढे बोलून आपण हातावर हात ठेवून बसतो. कुणी राउटर बदलायला सांगतो, कुणी संगणक फॉरमॅट करायला सांगतो. आलापल्ली किंवा अहेरीहून माणूस बोलवायचा तर त्याचा येण्या-जाण्याचा खर्च आणि आपला एक दिवस जातो. तो दिवस आठवडी बाजाराचा किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामातला असला तर नुकसान मोठे. आणि एवढे करून कळते की दुकानात काहीच बिघडले नव्हते, फायबर वाटेत कुठेतरी तुटले होते.

हे टाळायचे असेल तर राउटरची वही वाचता आली पाहिजे. ती अवघड नाही. ज्याला खतावणी कळते त्याला हीही कळेल.

राउटरची वही म्हणजे काय?

इंटरनेटवरून येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट, मग तो पैशाचा व्यवहार असो, फोटो असो की बिल, छोट्या छोट्या पुडक्यांत बांधून पाठवली जाते. या पुडक्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर ते कुठे जायचे तो पत्ता लिहिलेला असतो. पत्ता म्हणजे चार आकड्यांची जुडी, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.२०. यातला प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान असतो. पत्त्याची ही पद्धत १९८१ साली ठरली आणि आजही चालू आहे. तिच्या जोडीला आता अधिक लांब पत्त्यांची नवी पद्धतही आली आहे, पण दुकानांच्या आत बहुतेक ठिकाणी जुनेच पत्ते वापरात आहेत.

राउटरचे काम ट्रान्सपोर्टच्या मुनीमासारखे आहे. पुडके हातात आले की पत्ता वाचायचा, वही उघडायची आणि कोणत्या गाडीत टाकायचे ते ठरवायचे. या वहीला 'रूटिंग टेबल' म्हणतात. प्रत्येक ओळीत दोन गोष्टी मुख्य असतात : कोणत्या पत्त्यांचा माल, आणि तो कोणत्या दाराने पाठवायचा.

आता एटापल्लीतील दुकानदाराचाच विचार करा. त्याच्या हाती येणारे पार्सल तीन प्रकारचे असते. पहिले, त्याच्या स्वतःच्या नावाचे : ते तो ठेवून घेतो. दुसरे, त्याच्याच गल्लीतील कुणाच्या तरी नावाचे : ते तो पोरामार्फत हातोहात पोहोचवतो, त्यासाठी गाडी लागत नाही. तिसरे, नागपूर, चंद्रपूर, मुंबई अशा बाहेरगावचे : ते आलापल्लीकडे जाणाऱ्या गाडीत टाकतो आणि पुढचे पुढच्यांवर सोपवतो.

राउटरच्या वहीतही हेच तीन प्रकार आहेत. स्वतःच्या नावाची नोंद म्हणजे 'लोकल'. स्वतःच्या गल्लीची नोंद म्हणजे 'कनेक्टेड', अर्थात थेट जोडलेले. आणि बाकी सगळ्या जगासाठी एकच नोंद, तिला 'डिफॉल्ट' म्हणतात.

प्रत्यक्ष वही

समजा, एका दुकानात राउटर आहे. त्याच्या एका दाराला दुकानातील संगणक, बिलाचा प्रिंटर आणि गोदामातील कॅमेऱ्याचा डबा जोडला आहे. दुसऱ्या दाराला नेट पुरवणाऱ्याची वायर आहे. सिस्को कंपनीच्या राउटरवर 'शो आय पी रूट' ही आज्ञा दिली की साधारण अशा ओळी दिसतात. 'सी' म्हणजे कनेक्टेड, 'एल' म्हणजे लोकल आणि 'एस' म्हणजे हाताने लिहिलेली नोंद :

सी – १९२.१६८.१०.०/२४ – थेट जोडलेले, आतले दार
एल – १९२.१६८.१०.१/३२ – थेट जोडलेले, आतले दार
सी – १०.२०.३०.४/३० – थेट जोडलेले, बाहेरचे दार
एल – १०.२०.३०.६/३२ – थेट जोडलेले, बाहेरचे दार
एस – ०.०.०.०/० – १०.२०.३०.५ च्या मार्फत

पाचच ओळी आहेत, पण पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो. एकाच दाराच्या दोन-दोन नोंदी कशाला? आणि तिरक्या रेघेपुढचे २४, ३०, ३२ हे आकडे कसले?

रेघेपुढचा आकडा

पत्ता आतून ३२ खुणांचा बनलेला असतो. रेघेपुढचा आकडा सांगतो की त्यातल्या पहिल्या किती खुणा जुळल्या पाहिजेत. '/२४' म्हणजे पहिल्या २४ खुणा, म्हणजेच पहिले तीन आकडे जुळले की पुरे. शेवटचा आकडा काहीही असो. तेव्हा १९२.१६८.१०.०/२४ ही एक पूर्ण गल्ली झाली, २५६ पत्त्यांची. त्यातला पहिला पत्ता गल्लीच्या नावासाठी व शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखून ठेवतात. उरले २५४.

'/३०' म्हणजे फक्त चार पत्त्यांची बोळ. त्यातले दोनच वापरता येतात : एक आपल्या राउटरचा, दुसरा नेट पुरवणाऱ्याचा. दोघांतील वायरीवर तिसरा कुणी नसतोच, म्हणून एवढी छोटी बोळ पुरते.

'/३२' म्हणजे सगळ्याच्या सगळ्या ३२ खुणा जुळल्या पाहिजेत. अर्थात एकच पत्ता, एकच घर. आणि '/०' म्हणजे काहीच जुळायची गरज नाही, कोणताही पत्ता चालेल. म्हणून डिफॉल्ट नोंद ०.०.०.०/० अशी लिहितात.

एकच पत्ता दोन-तीन ओळींत बसत असेल तर राउटर जी ओळ सर्वांत नेमकी, तीच घेतो. म्हणजे ज्या ओळीत जास्त खुणा जुळतात ती. ३२ समोर २४ हरते आणि २४ समोर ० हरते. हा एक नियम लक्षात ठेवला की निम्मे काम झाले.

लोकल नोंद कशासाठी?

राउटरच्या आतल्या दाराला आपण १९२.१६८.१०.१ हा पत्ता दिला. हा पत्ता गल्लीतलाच आहे. मग या पत्त्यावर पुडके आले तर राउटरने ते गल्लीत कुणाला द्यायचे? कुणालाच नाही, कारण ते त्याचेच आहे. हे त्याला कळावे म्हणून '/३२' ची वेगळी नोंद असते. ती गल्लीच्या नोंदीपेक्षा नेमकी असल्याने तीच जिंकते आणि राउटर पुडके स्वतःकडे ठेवून उघडतो.

आपण संगणकावरून राउटरची सेटिंग उघडतो, पासवर्ड बदलतो किंवा राउटर जिवंत आहे का हे तपासतो, तेव्हा आपली पुडकी याच लोकल नोंदीने राउटरकडे थांबतात. सिस्कोच्या जुन्या राउटरांत ही नोंद वहीत दिसत नसे, आवृत्ती १५ पासून ती 'एल' अक्षराने दिसू लागली. म्हणून जुन्या पुस्तकांवरून शिकलेल्या कारागिरांना ती नवीन वाटते. काम मात्र आधीपासून चालूच होते.

कनेक्टेड नोंद कशी येते?

ही नोंद कुणी हाताने लिहीत नाही. दाराला पत्ता दिला आणि वायरीत जीव आला की राउटर आपण होऊन दोन्ही ओळी लिहितो : गल्लीची 'सी' आणि स्वतःची 'एल'. वायर काढली किंवा समोरचे यंत्र बंद झाले की दोन्ही ओळी त्याच क्षणी पुसल्या जातात.

या नोंदीवर राउटरचा भरवसा सर्वांत जास्त असतो. नोंद कुठून आली यावरून राउटर तिला अंतराचा आकडा देतो. आकडा जितका लहान तितका भरवसा मोठा. सिस्कोत थेट जोडलेल्या नोंदीचा आकडा ० आहे, हाताने लिहिलेल्या नोंदीचा १, आणि ओएसपीएफ या पद्धतीने दुसऱ्या राउटरकडून ऐकलेल्या नोंदीचा ११०. डोळ्यांनी पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांत आपणही असाच फरक करतो.

गल्लीतल्या गल्लीत माल पोहोचवण्याची रीतही साधी आहे. राउटर गल्लीत हाक मारतो : 'हा पत्ता कुणाचा?' ज्याचा असेल तो यंत्र उत्तर देतो आणि माल त्याच्या हाती पडतो. दुकानातील संगणक आणि प्रिंटर एकाच गल्लीत असतील तर ते राउटरला न विचारताच एकमेकांशी बोलतात. म्हणूनच नेट बंद असतानाही बिल छापता येते. पण बिलाचा सगळा हिशेब बाहेरच्या सर्व्हरवर ठेवणारे सॉफ्टवेअर घेतले असेल तर नेट गेले की बिलही थांबते. आपल्या भागात सॉफ्टवेअर विकत घेताना 'नेट नसताना चालते का?' हा प्रश्न आधी विचारावा.

आपल्या संगणकावरही हीच वही

साध्या वायफायच्या डब्यावर सिस्कोसारखी आज्ञा देता येत नाही. बऱ्याच डब्यांच्या सेटिंगमध्ये 'रूटिंग टेबल' नावाचे पान असते, ते पाहावे. तेही नसेल तर विंडोज संगणकावर काळा पडदा, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून 'रूट प्रिंट' असे इंग्रजीत टाइप करावे. संगणकाचीही अशीच वही असते. त्यात रेघेपुढच्या २४ च्या जागी २५५.२५५.२५५.० आणि ३२ च्या जागी २५५.२५५.२५५.२५५ असे लिहिलेले दिसेल. अर्थ तोच. ज्या ओळीत गेटवेच्या रकान्यात 'ऑन-लिंक' लिहिले आहे ती ओळ आपल्या गल्लीची किंवा स्वतःची. जिथे सर्व शून्ये आहेत ती बाहेरगावची.

लिनक्सवर चालणारी यंत्रे लोकल नोंदी वेगळ्या वहीत ठेवतात आणि ती वही आधी पाहतात. आपले ते ओळखून झाल्यावर बाकीचा माल पाहायचा, हा क्रम सगळीकडे सारखाच आहे.

दोष शोधण्याची रीत

नेट बंद पडले की पुढील क्रमाने जावे. तपासण्यासाठी काळ्या पडद्यावर 'पिंग' आणि पुढे पत्ता लिहावा. उत्तर आले तर तिथपर्यंतचा रस्ता ठीक.

१. वहीत आपल्या गल्लीची 'ऑन-लिंक' ओळ आहे का? नसेल तर वायर, वायफाय किंवा डब्याची वीज यांत दोष आहे. एखादा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे समजावे.

२. राउटरच्या आतल्या पत्त्याला पिंग करावे. उत्तर आले तर दुकानातील जोडणी ठीक आहे. संगणक फॉरमॅट करण्याची काही गरज नाही.

३. राउटरच्या वहीत किंवा सेटिंगमध्ये बाहेरच्या दाराची नोंद पाहावी. ती नसेल तर राउटर आणि फायबरचा मोडेम यांमधली छोटी वायर किंवा मोडेमची वीज तपासावी.

४. ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक पत्त्याला पिंग करावे. मागच्या तिन्ही पायऱ्या ठीक असून इथे उत्तर नसेल तर दोष बहुधा दुकानाच्या बाहेर आहे. नेट पुरवणाऱ्याला फोन करावा, राउटर विकत घेऊ नये.

५. ८.८.८.८ चे उत्तर येते पण साइट उघडत नाही, असे असेल तर रस्ता ठीक आहे. नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे.

येथे एक सावधगिरी. 'कनेक्टेड' या शब्दावर गरजेपेक्षा जास्त विसंबू नये. ती नोंद फक्त पहिल्या वायरीची ग्वाही देते. रस्त्याच्या कामात किंवा पुरात फायबर कुठेतरी तुटले, तरी दुकानातील मोडेम आणि राउटर यांमधली हातभर वायर शाबूतच असते. म्हणून राउटरच्या वहीत बाहेरच्या दाराची नोंद जशीच्या तशी राहू शकते आणि नेट मात्र बंद. गाडी दारात उभी आहे, पण पुढे पर्लकोटाच्या पुलावरून पाणी वाहते आहे, असा हा प्रकार. अशा वेळी फायबरच्या मोडेमवर 'एलओएस' नावाचा लाल दिवा पाहावा. तो पेटला असेल तर फायबरमधून प्रकाश येत नाही. पुरवठादाराला फोनवर 'नेट नाही' एवढेच न सांगता 'एलओएस लाल आहे' असे सांगावे. त्याला लगेच कळते की लाइनवर माणूस पाठवायचा आहे.

दोन नेहमीचे घोटाळे

पहिला घोटाळा एकाच नावाच्या दोन गल्ल्यांचा. दुकानांच्या आत वापरायचे पत्ते १९९६ साली सर्व जगासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. कुणीही ते वापरू शकतो, म्हणून बऱ्याच कंपन्या डबा कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ या पत्त्यावर देतात. आता पुरवठादाराचा मोडेम १९२.१६८.१ च्या गल्लीचा आणि त्याला जोडलेला आपला नवा राउटरही त्याच गल्लीचा, असे झाले की राउटरला आतले व बाहेरचे दार एकाच गल्लीत उघडते असे दिसते. काही राउटर असा पत्ता घ्यायलाच नकार देतात, काही आपण होऊन आतला पत्ता बदलतात, आणि काही निमूटपणे चुकीच्या दाराने माल पाठवत बसतात. नवा डबा खराब निघाला म्हणून परत केला जातो. खरा उपाय फुकटचा आहे : आपल्या राउटरचा आतला पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ किंवा तसा दुसरा द्यावा.

ज्यांचे एक दुकान एटापल्लीत आणि दुसरे बल्लारपूर किंवा नागपूरला आहे आणि दोन्ही खासगी जोडणीने एकत्र केले आहेत, त्यांनी तर हे आधीच पाहावे. दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच गल्ली असेल तर नागपूरच्या संगणकासाठीचे पुडके एटापल्लीच्या बाहेर पडतच नाही. हा पत्ता माझ्याच गल्लीतला आहे असे संगणक म्हणतो, गल्लीत हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. प्रत्येक दुकानाला वेगळी गल्ली द्यावी.

दुसरा घोटाळा मोबाइलच्या हॉटस्पॉटचा. फायबर गेले की आपण संगणक दुकानाच्या वायफायवरून काढून मोबाइलला जोडतो. नेट येते पण प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतो. प्रिंटर बिघडलेला नसतो. संगणकाने गल्ली बदलली, म्हणून जुन्या गल्लीची ओळ त्याच्या वहीतून पुसली गेली आणि प्रिंटर तिकडेच राहिला. संगणक दुकानाच्या जाळ्याला वायरने आणि मोबाइलला वायफायने जोडला तर दोन्ही गल्ल्या वहीत राहतात. मात्र तेव्हा बाहेरगावच्या दोन ओळी होतात आणि संगणक बंद पडलेल्या फायबरचीच वाट धरू शकतो. याहून चांगले म्हणजे ज्यात सिम किंवा दुसरी लाइन लावता येते असा राउटर घ्यावा. मग गल्ली एकच राहते आणि बाहेरची वाट तेवढी बदलते.

दाराला कुलूप

लोकल नोंद वाचणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या उदाहरणात 'एल' च्या दोन ओळी आहेत, एक आत आणि एक बाहेर. म्हणजे बाहेरून या पत्त्यावर आलेले पुडकेही राउटर स्वतः उघडतो. तेव्हा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद ठेवावी. ज्या डब्यातून बँकेचे व्यवहार होतात त्याला 'ॲडमिन, ॲडमिन' असा पासवर्ड ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवणे आहे.

तसेच प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला हाताने पत्ता देताना तो राउटरचाच देऊ नये. राउटर त्या पत्त्याचा माल स्वतःचा समजून ठेवून घेईल. इकडे संगणकांना एका हाकेला दोन उत्तरे येतील, कधी नेट चालेल आणि कधी नाही. असा दोष शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

एक कागद, एक हुनर

सर्व काही सुरळीत चालू असेल त्या दिवशी राउटरची आणि संगणकाची वही पाहून त्या ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात. राउटरचा पत्ता, प्रिंटरचा पत्ता, पुरवठादाराचा पत्ता आणि फोन नंबर एवढे लिहून कागद गल्ल्याच्या खणात ठेवावा. बिघाडाच्या दिवशी कोणती ओळ गायब आहे हे कागदाशी ताडून पाहिले की दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळते.

आपल्या तरुणांसाठी यात रोजगारही आहे. २०११ साली मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने चालणारी योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी आहे. सूरजागडच्या खाणीमुळे एटापल्ली तालुक्यात वर्दळ वाढली आहे. दुकाने, कार्यालये, सेवा केंद्रे, शाळा, दवाखाने सगळीकडे हे डबे लागत आहेत आणि ते दुरुस्त करणारा माणूस जवळ हवा आहे. मोटार वाइंडिंग, वेल्डिंग, मोबाइल दुरुस्ती ही कामे आपल्या पोरांनी उस्तादाच्या हाताखाली बसून शिकली. हे कामही तसेच शिकता येते. एक जुना राउटर, दोन वायरी आणि एक संगणक एवढे भांडवल पुरेसे आहे. वायर लावावी, वही पाहावी. वायर काढावी, पुन्हा पाहावी. कोणती ओळ आली आणि कोणती गेली हे ज्याला सांगता येऊ लागले, त्याच्या हाती नेटवर्क दुरुस्तीचा पाया आला.